वरची ओळ माझी होती

माझ्या भावाबद्दल लिहायला सगळ्यांनी विद्यालाच सांगितलं. आमच्या तंजावरकडच्या मराठी लोकांची इथं चेन्नईत सभा आहे. ती दर वर्षी एक पुस्तक काढते, त्यात त्या वर्षी गेलेल्या माणसांबद्दल लिहितात. सभेचा माणूस घरी आला, कापी प्यायला, मी केलेली कापी, आणि पेला खाली ठेवून विद्याला म्हणाला, "तुम्ही टीचर आहात, तुम्हीच दोन पानं लिहून द्या." मी समोर उभी होते. माझ्याकडे बघितलं पण नाही.

विद्या म्हणजे विद्यालक्ष्मी, माझ्या भावाची बायको. तिनं त्याच्याबरोबर तेवीस वर्षं काढली. मी त्रेपन्न. तो जन्मला तेव्हा मी आठ वर्षांची होते, अम्मा कामाला गेली की कडेवर मीच. मग कोणी लिहायचं तुम्हीच सांगा. पाचवी शिकले म्हणून काय झालं? भाचीनं, विद्याच्या मुलीनं हरिप्रियानं, फोनमध्ये मराठी घालून दिली आहे. बोलते तसं टाइप करते. विद्याला सांगितलं, तू तुझं लिही, मी माझं लिहिते, सभेला कुठलं पाहिजे ते घेऊ दे. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हाच मला जास्त राग येतो.

भावाचं नाव अनंतकृष्ण, घरात अनंतू. तुम्ही बंगळूर रोडनं नाहीतर ट्रंक रोडनं गेला असाल तर त्याचे बोर्ड तुम्ही वाचलेले आहेत. हिरवे, मोठे, रस्त्याच्या डोक्यावर आडव्या खांबाला लावलेले. वर तमिळ, खाली इंग्रजी, बाजूला बाण. सरकार करतं म्हणून लोकांना वाटतं. कंत्राटदार करतो, आणि कंत्राटदाराच्या अंबत्तूरच्या शेडमध्ये अनंतू करायचा. पत्रा कापायचा, त्यावर चकाकणारा कागद लावायचा, अक्षरं कापून एकेक बसवायचा.

आम्ही लहानपणी तिरुवल्लिकेणीत होतो. आमच्या गल्लीत सगळे मॅन्शन, म्हणजे एकट्या पुरुषांची लॉज. बाहेरगावचा माणूस ट्रंक घेऊन यायचा आणि पहिलं दार आमचं, म्हणून आमचंच ठोकायचा. अमकं मॅन्शन कुठं, तमकं कुठं. अम्मा चार घरचा स्वयंपाक करून दुपारी जरा आडवी व्हायची, तिला झोप नाही मिळायची. अनंतू नऊ वर्षांचा होता. त्यानं भिंतीवर कोळशानं एक मोठा बाण काढला आणि वर मॅन्शनचं नाव. दुसऱ्या दिवसापासून दार ठोकणं बंद. घरमालकानं आरडाओरडा केला, अम्मानं अनंतूला एक ठेवून दिली. पण मॅन्शनच्या मॅनेजरनं त्याला बोलावून रंगाचा डबा दिला, ब्रश दिला, आमचा बोर्ड पण तूच लिही म्हणाला. तिथून सगळं सुरू झालं. आता खरं सांगते, कोळसा चुलीतून मी काढून दिला होता. स्टुलावर चढवलं मी, स्टूल धरलं मी. मला कोणी डबा नाही दिला.

पण एक गोष्ट माझी होती. बोर्ड लिहिला की तो मला हाक मारायचा, "अक्का, वाच." मी हळू वाचते. एकेक अक्षर धरून, ओठ हलवत, लहान मुलं वाचतात तसं. मला नाही वाचता आलं की तो पुसायचा आणि परत मोठं लिहायचा. शेडमध्ये कामाला लागला तरी ते सुटलं नाही. म्हणायचा, "अक्काला वाचता आलं की कुठल्याही ड्रायव्हरला येतं. ड्रायव्हरला तीन सेकंद असतात आणि मागून लॉरी हॉर्न मारत असते. शिकलेला माणूस पण तेव्हा पाचवीचाच होतो." मला यात अपमान नाही वाटला. उलट छाती फुगायची. चेन्नईच्या रस्त्यावर कुठलं अक्षर केवढं ते मी ठरवत होते.

त्याची पद्धत सांगते. आमच्या घराची आणि बाजूच्या मॅन्शनची गच्ची एकच होती, लांब. बोर्डाचं दहाव्या हिश्श्याचं चित्र तो एका फळीवर काढायचा आणि जिन्याच्या दाराला टांगायचा. अक्षर दहावा हिस्सा, तर अंतर पण दहावा हिस्सा. गच्चीवरचे साठ फूट म्हणजे रस्त्यावरचे सहाशे. मी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहायची. फळीवर चादर असायची, कारण नाव आधी माहीत असलं तर डोळा वाचत नाही, डोकंच सांगून टाकतं म्हणायचा. मग "हं!" म्हणून चादर ओढायचा. मी एकेक पाऊल पुढं. जिथं वाचता आलं तिथं तो खडूनं रेघ मारायचा. रेघ पन्नास फुटांच्या अलीकडे आली की बोर्ड नापास.

इंग्रजी मला येत नाही. एकदा मी रुसले तर म्हणाला, "अगं, तमिळ वर असतं की नाही? वरची ओळ तुझी, अक्का. खालची कोणाची का असेना."

तेव्हा तो मला सगळं सांगायचा. हिरवा बोर्ड गावाचा. निळा बोर्ड आस्पत्री, पेट्रोल, जेवणाचा. तपकिरी बोर्ड देवळांचा, बघायच्या जागांचा. पिवळ्या डोक्याचा मैलाचा दगड मोठ्या हायवेचा, हिरव्या डोक्याचा राज्याच्या रस्त्याचा. आणि फाट्याला तीन बोर्ड पाहिजेत, एक फाट्याच्या आधी, एक फाट्यावर, एक फाटा गेल्यावर. तिसऱ्यावर बाण नसतो, नुसतं गाव आणि किलोमीटर. शेडचा मालक पैसे वाचवायला नेहमी तोच गाळायला बघायचा. अनंतू भांडायचा, "वळल्यावरच तर माणसाला भीती वाटते की चुकलो काय म्हणून. त्याला कोणी तरी बरोबर आहे म्हणून सांगायला नको?"

मग त्याचं लग्न झालं. माझं झालं नव्हतं, ते का ते इथं सांगत नाही.

विद्या दिसायला बरी, बोलायला मऊ, शाळेत इंग्रजी शिकवायची. एका हातात कापी आणि दुसऱ्या हातात इंग्रजी पेपर, आणि कापी निवायच्या आत पेपर संपलेला. मी बघत बसायची. रविवारी तो तिला स्कूटरवर मागे बसवून लावलेले बोर्ड बघायला न्यायचा. मला कधी नेलं नव्हतं. तेव्हा स्कूटर नव्हती, खरं आहे, पण बस होती की. मी घरी डांगर पचडी करून ठेवायची, भात निवून जायचा. ते दोघं उन्हानं लाल होऊन यायचे आणि विद्या म्हणायची, "अक्का, आज आपले तीन बोर्ड बघितले!" आपले! मी पळीनं भांडं वाजवायची.

तिनं त्याला एकदा शाळेत पण नेलं, मुलांना बोर्डांबद्दल सांगायला. मुलांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी विचारलं नव्हतं, तिनंच येऊन सांगितलं.

आता तो दिवस. लग्नाला वर्ष झालं असेल. अनंतू फळी घेऊन गच्चीवर आला, तोंड उतरलेलं. पूनमल्लीच्या पुढं एका फाट्यावर श्रीपेरुंबुदूरचा बोर्ड लावायचा होता. तिकडं कारचे कारखाने नवे नवे येत होते. नाव हातभर लांब, आणि मालक म्हणत होता, पत्रा हाच आहे, यातच बसव. बसवायचं तर अक्षरं बारीक आणि चिकटून. अनंतू म्हणाला, "अक्का, तुला वाचता आलं तर बसवतो. नाही आलं तर मालकाशी भांडतो."

विद्या पण वर आली. माझ्या बाजूला टाकीजवळ उभी राहिली. मी तिला ये म्हणून सांगितलं नव्हतं.

"हं!" चादर पडली.

"श्रीपेरुंबुदूर!" विद्या एका दमात. "दोन्ही ओळी वाचल्या मी."

"अगं थांब ना," अनंतू हसत म्हणाला, "अक्काचं व्हायचंय अजून."

"अक्कांना वेळ द्या," ती म्हणाली. "त्यांची पॅसेंजर आहे, आपली एक्स्प्रेस."

आणि अनंतू हसला. मोठ्यानं हसला. ती वाईट मनानं बोलली नसेल, आता म्हणते मी. तेव्हा माझ्या कानशिलात गरम झालं. समोरच्या फळीवर मला मुंग्यांची रांग दिसत होती, दुसरं काही नाही. मी जागची हलले नाही. तिथूनच म्हणाले, "श्रीपेरुंबुदूर. स्वच्छ दिसतंय."

"साठ फुटांवरून?" अनंतू माझ्या तोंडाकडे बघत होता. "खरं?"

"खरं."

त्यानं माझ्या पायाशी खडूची रेघ मारली.

बोर्ड लागला. दीड महिन्यानं एका कंपनी बसचा ड्रायव्हर, तिरुनेलवेलीकडचा, कामाचा पहिला आठवडा, सकाळच्या शिफ्टची माणसं घेऊन चालला होता. बोर्ड त्याला वाचता आला तेव्हा फाटा नाकावर आला होता. त्यानं एकदम वळवली, बस कडेच्या कठड्याला घासली. कोणी मेलं नाही, देवाची दया. एका मुलीचं मनगट मोडलं. बोर्ड उतरवला. मालक सगळ्यांसमोर अनंतूला वाट्टेल ते बोलला. पत्रा कोणी वाचवायला लावला ते मालक विसरला. अनंतू एवढंच म्हणाला म्हणे, "माझ्या डोळ्यांची चूक." पुढं तो फळं घेऊन त्या मुलीला बघायला जाऊन आला. नवीन बोर्ड मोठ्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत केला.

मी गप्प. ड्रायव्हर नवीन होता, झोपेत असेल म्हणून मनाला सांगितलं.

त्या दिवसापासून अनंतूनं मला कधी "अक्का, वाच" म्हणून हाक मारली नाही. एकदा पण नाही. बावीस वर्षं. जेवायला हाक मारली, औषधाला मारली, दिवाळीला साडी आणली. वाचायला नाही. पुढं आम्ही अण्णा नगरला फ्लॅटमध्ये आलो. तिथं सगळ्या रस्त्यांना नंबर, मी अजून चुकते. गच्ची गेली. रविवारी स्कूटर, पुढं गाडी, आणि गाडीत पुढच्या सीटवर विद्या. मला वाटलं, आता ती वाचते. दोन्ही ओळी. वरची माझी होती ती पण घेतली तिनं. बावीस वर्षं मी तिला यासाठी माफ केलं नाही. सांबारात मीठ कमी पडलं तरी मला तेच आठवायचं. तिच्या वाढदिवसाला पायसम मी केलं, पण गूळ हात राखून घातला. लिहिते हे, सभेला छापायचं तर छापू दे.

अनंतू आठ महिन्यांपूर्वी गेला. सकाळी दाढी करता करता छातीत दुखलं, आस्पत्रीत नेलं, संध्याकाळी संपलं. बाराव्याला शेडचे सहा जण आले, क्रेनवाले. पंचवीस फुटांवर चढून बोर्ड आवळणारी माणसं लहान मुलांसारखी रडली. सगळे विद्याच्या पुढं हात जोडत होते. मला एकानं विचारलं, "तुम्ही अनंतकृष्ण सारच्या कोण?"

आता मागच्या आठवड्यातलं. विद्या डायनिंग टेबलवर वही घेऊन लिहीत होती, सभेसाठी. मी भाजी चिरत होते. विचारायचं नव्हतं, विचारलं.

"काय लिहिलंस?"

"रविवारी बोर्ड बघायला जायचो ते."

"लिही, लिही. बोर्ड तू वाचून द्यायचीस ते पण लिही. माझं काम घेतलंस तू, ते नको लिहू."

हरिप्रिया फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "आत्या, परत नको ना."

विद्यानं पेन खाली ठेवलं. "मी? मी एक बोर्ड वाचला नाही अक्का. मला कशाला विचारतील ते? मी पटकन वाचते, माझा काय उपयोग?"

"मग कोण वाचायचं?"

"तेच. चष्मा काढून. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, मागे चालत जायचं, चष्मा खिशात घालायचा आणि एकेक पाऊल पुढं. ओठ हलवत. श्री... पे... रुं... असं. मी विचारलं, हे काय करता? तर म्हणाले, अक्कासारखं वाचतो."

मी सुरी खाली ठेवली.

"मला का नाही विचारलं त्यानं?"

विद्या हरिप्रियाकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही. "त्यांना माहीत होतं अक्का. बसचं झालं त्या संध्याकाळी तीच फळी घेऊन ते गच्चीवर गेले होते ना. खाली आले आणि मला म्हणाले, त्या दिवशी अक्काचे ओठ हलले नव्हते. मी बघितलं होतं, तरी रेघ मारली. चूक माझी."

मी चिरलेली भाजी उगाच ताटात सारखी करत राहिले.

"आणि म्हणाले, तू बाजूला असलीस की अक्का खरं वाचणार नाही, आणि तुला येऊ नको म्हणून सांगितलं तर तू रडशील. त्यापेक्षा कोणालाच नको. माझीच जीभ आधी चालली होती हो. पॅसेंजर म्हणाले मी तुम्हाला. ते हसले आणि दुसऱ्याच क्षणी गप्प झाले, तुम्ही बघितलं नसेल."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"नको म्हणून सांगितलं होतं त्यांनी. आणि..." तिनं पदरानं नाक पुसलं. "बावीस वर्षं दर रविवारी मी शेजारी उभी, आणि ते रस्त्यात तुमची नक्कल करतायत. मला काय वाटत असेल? तुम्ही समजायचात मी पुढच्या सीटवर बसून मजा करते."

हरिप्रिया म्हणाली, "दोघी पण ना! अप्पा तुम्हाला घाबरायचे, एवढंच आहे हे."

आम्ही दोघी हसलो नाही. पण तिच्यावर ओरडलो पण नाही.

माझ्या मनात काय आलं सांगू? चुकीची लाज वाटली, हो, वाटलीच. त्या मुलीचं मनगट आठवलं. मी तिला बघायला गेले नव्हते. पण त्याच्या आधी आलं ते दुसरंच. माझ्यासारखं वाचताना त्याला विद्यानं बघितलं, मी नाही. दर रविवारी. माझी गोष्ट, आणि ती पण तिनंच बघितली.

म्हणून मी म्हणाले, "मला ने तिथं."

काल आम्ही दोघी गेलो. हरिप्रिया टॅक्सी बोलावते म्हणाली, मी नको म्हटलं. बसनं पूनमल्ली, तिथून शेअर ऑटो. दुपारचं ऊन, कडेच्या छोट्या रस्त्यानं चालत. लांबवर डोक्यावर हिरवा बोर्ड दिसला. विद्यानं एका लाइटच्या खांबाजवळ मला उभं केलं. "इथून सुरू करायचे ते. इथून सहाशे फूट."

मी चष्मा काढला.

"अक्का, तुमचा नंबर मोठा आहे, चष्मा असू द्या."

"त्यानं काढला होता ना?"

हिरवं काही तरी, त्यावर पांढरं काही तरी. बाजूनं लॉऱ्या धडाधड चाललेल्या. नाव मला माहीत होतं, डोकं सांगत होतं, श्रीपेरुंबुदूर, बोल, बोलून टाक. मी डोक्याचं ऐकलं नाही.

"येतंय का?" विद्यानं विचारलं.

"नाही."

दहा पावलं.

"आता?"

"नाही."

ती माझ्या एक पाऊल मागं चालत होती. खांब गेला, टायरचं दुकान गेलं, नारळपाण्याची गाडी गेली. नारळवाला बघत राहिला, दोन म्हाताऱ्या वर तोंड करून काय शोधतात म्हणून. पाय दुखायला लागले. सात-आठ वेळा नाही म्हणाले मी. बोर्ड जवळजवळ डोक्यावर आला तेव्हा वरच्या ओळीतलं पहिलं अक्षर सुटं झालं. मग दुसरं. ओठ आपोआप हलायला लागले.

"श्री... पे... रुं... बु... दूर."

"खरं?" विद्या म्हणाली.

"खरं."

तिनं खाली वाकून एक खडा उचलला आणि माझ्या पायापुढं रस्त्यावर रेघ ओढली. अनंतूसारखी, डावीकडून उजवीकडे. सहाशे फुटांतले शंभर पण उरले नव्हते. बोर्ड चांगला आहे, डोळे गेलेत माझे.

तिनं तो खांबापासूनच वाचला असणार, दोन्ही ओळी, मला माहीत आहे. पण तोंडातून एक अक्षर काढलं नाही.